बिनचिठ्ठीची गोळी

मेडिकलच्या दुकानात किस्से मागवावे लागत नाहीत. त्यांना एक्सपायरीही नसते, त्यामुळे ते साठतच जातात. चंदीगडला फार्मसी शिकून मी उचगावात काकांच्या, म्हणजे तात्यांच्या दुकानात येऊन बसले, ती दोन हजारनंतरची वर्षं. प्रत्येक बाईला तिला हवं ते औषध हक्कानं मिळालं पाहिजे, असं भाषण मी पहिल्याच दिवशी ठोकलं.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “झालं बोलून? आता त्या कफ सिरपच्या बाटल्या पुसून ठेव.”

*

तात्यांची एक पद्धत होती. बाकीची औषधं कागदी पाकिटात. कंडोम, गोळ्या, ‘तसलं’ काही असलं की काळी पिशवी. कुणाला दिसू नये म्हणून. आणि काळी पिशवी म्हणजे काय, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक! एकदा शाळेचे गुरुजी ती घेऊन पानपट्टीसमोरून निघाले, तर आतून आवाज आला, “गुरुजी, आज काय सणबिण हाय व्हय घरात?” पुढे गुरुजी आमच्याकडे खोकल्याच्या गोळ्यांनासुद्धा आले नाहीत.

मी उपाय काढला. सगळ्यांनाच काळी पिशवी. तापाची गोळी असो नाहीतर मलम. पहिल्याच संध्याकाळी एक आजोबा अर्ध्या वाटेवरून परत आले.

“पोरी, ही पिशवी बदलून दे. म्हातारी जाऊन चार वर्षं झाली. लोकं काय म्हणतील?”

*

मागच्या गल्लीतली सुनंदा. पदरात दोन मुली. दुसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तिसरं नको, जिवावर बेतेल. पण घराला मुलगा हवा होता, म्हणून ऑपरेशनला सगळ्यांचा नकार. रोजच्या गोळ्या तिनं माझ्याकडून नेल्या, तर सासूनं ट्रंकेतून शोधून त्या चुलीत घातल्या.

एका दुपारी ती काउंटरवर आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “ताई, ती तीन दिवसांच्या आत घ्यायची गोळी असती म्हणं. असली तर द्या की.”

गोळी होती, पण तेव्हाच्या नियमानं ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नव्हती. तात्यांनी मान हलवली. “चिठ्ठी आण बाई. कायदा हाय.”

तिच्या शेजारी एक माणूस उभा होता. तात्यांनी बोलता बोलता त्याला भारी अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल कापून दिल्या. त्यालाही कायद्यानं चिठ्ठी लागतेच.

तो गेल्यावर मी भांडले. तात्या म्हणाले, “त्याचा ताप उतरला न्हाय तर तो एकटा भांडाय येईल. हिच्या घरात कळलं तर अख्खी भावकी येती दुकानावर. तवा तुझा कायदा येतोय का सोडवायला?”

*

सुनंदा गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन आली. तो म्हणाला होता, “मालकांना घेऊन ये, मग देतो चिठ्ठी.”

तात्या गोळीला हात लावू देत नव्हते. मी स्कूटरची किल्ली उचलली. “चल, कोल्हापुरात माझ्या ओळखीच्या डॉक्टरबाई आहेत. तासाभरात परत येऊ.”

“घरात दळाण टाकाय जातो म्हणून सांगून आलोय, ताई. दळणाला तास लागतोय व्हय? गिरणी दिसतीय घरातनं.” मग तिनं वरच्या पंख्याकडं पाहिलं. “रोज ह्या टायमाला लाइट जाती. गिरणी बंद पडती, दोन-दोन तास कोण इचारत न्हाय.”

आम्ही दोघी पंख्याकडं बघत उभ्या राहिलो. त्या दिवशी लोडशेडिंग झालं नाही. पिठाचा डबा कमरेवर घेऊन ती घरी गेली.

*

काही महिन्यांनी पेपरात आलं, त्या गोळीला आता चिठ्ठी लागणार नाही. मी आनंदानं रंगीत ऑइलपेंटनं बोर्ड लिहिला आणि दाराशी टांगला : ‘तातडीची गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीशिवाय मिळेल.’

आठवडाभर एकही बाई दुकानाची पायरी चढली नाही. मुलांच्या जुलाबाचं औषधसुद्धा बायका लांबच्या दुकानातनं नेऊ लागल्या.

“त्या बोर्डाखाली कोण उभारंल?” तात्या म्हणाले. “काढ ते.”

मी काढला नाही. तेवढ्यात सुनंदा रस्त्यानं चालली होती. पोट दिसत होतं. ती थांबली, बोर्ड शेवटपर्यंत वाचला.

“जरा आदी लावायचा की, ताई.”

*

मुलगा झाला. सुनंदा गेली.

तात्यांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, बोर्डावरची धूळ फडक्यानं झटकली आणि तो काढायचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

*

वर्ष होऊन गेलं असेल. संध्याकाळची वेळ, काउंटरवर चार-पाच गडीमाणसं, समोर पानपट्टी भरलेली. सुनंदाची सासू आली. कडेवर नातू. लोकांनी वाट दिली. ती बरोबर बोर्डाखाली उभी राहिली.

“तात्या, रोज घ्यायच्या गोळ्या द्या. धाकट्या सुनंला.”

तात्या हळू आवाजात म्हणाले, “आक्का, जरा मागनं पोराला पाठवून—”

“पोराला कशाला? मी आलोय की.”

तात्यांनी पाकीट काढलं. सवयीनं त्यांचा हात काळ्या पिशवीकडं गेला.

“पिशवी नको,” ती म्हणाली. “अशीच द्या.”

एका हातानं नातू सावरत, दुसऱ्या हातात ते पाकीट उघडं धरून ती पायरी उतरली आणि पानपट्टीसमोरून सावकाश घराकडं गेली.

पानपट्टीतून कुणी काही विचारलं नाही.