शंभरपैकी अठ्ठ्याण्णव

माझी धाकटी बहीण सुनंदा संगणकशास्त्रज्ञ आहे, आणि मला माझ्याच मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही. दोघांची आई एकच. (असं आई शपथेवर सांगते.)

सुनी जानेफळच्या शाळेत शिकली. मी त्याच शाळेत गेलो. फरक एवढाच! पुढे ती डॉक्टर झाली, म्हणजे सुई न टोचणारी, आणि पुण्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवू लागली. आमच्या गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळायचं, त्या काळात या बाईने पक्की नोकरी सोडली आणि मराठीतून धडे रेकॉर्ड करत बसली. का, तर खेड्यातल्या माणसाला घरबसल्या फुकट शिकता यावं! लोक हसले. मी तर तोंडावर हसलो.

"सुने, मास्तर छडी घेऊन उभा राह्यला तरी आमी शिकलो नाई, तं काचंतला मास्तर काय शिकवन?"

पण पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली. मग मी हसणं थांबवलं आणि चारचौघांत 'आमची सुनी' म्हणू लागलो.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. "दादा, शाळा सुटलेल्या मोठ्या मानसांसाठी नवा कोर्स काढला. तू नाव टाक."

"मले काय जमते वं? मी वांगेवाला मानूस!"

"म्हनूनच तं! तुले समजलं तं कोनालेही समजन."

(असं फक्त सख्खी बहीणच बोलू शकते.)

व्हिडिओ चालू राहिला की हजेरी लागते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. अख्ख्या कोर्सातलं मला कळलेलं तेवढंच! मग रोज सकाळी मी धडा लावायचो, मोबाईल स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवायचो आणि शेतात निघून जायचो. तिकडे सुनी डब्याला शिकवायची, इकडे मी वांगी तोडायचो. दोघं आपापल्या जागी सुखी.

तीन महिन्यांनी फोन. "दादा! शंभरपैकी अठ्ठ्याण्णव! सगळ्यात तू पह्यला!"

इथे शहाण्या माणसाने 'ते कसं काय?' असं विचारलं असतं. मला वाटलं, हजेरीचे मार्क असतील. मी म्हणालो, "मेहनत घेतली वं." आणि चौकात जाऊन सगळ्यांना चहा पाजला.

आठवडाभराने पुन्हा फोन. "दादा, कोर्स चालू ठेवाचा का बंद कराचा, ते ठरवाले पैसे देनाऱ्याइची कमिटी येऊन राह्यली. ते म्हनतात, खेड्यातले लोकं व्हिडिओ लावतात अन् निंघून जातात."

"कोन म्हनते असं?" मी ओरडलो. (पाठीवरून घामाची धार लागली होती.)

"म्हनून तं त्याईले तुह्याकडं आनून राह्यली. गुरुवारी. ते समोर बसून प्रश्न इचारतीन. माही इतक्या वर्साची मेहनत आता तुह्या हातात हाय."

माझ्या हातात! खरं सांगून टाकावं म्हणून मी तिला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा ती उचलताच म्हणाली, "दादा, तू हायेस म्हनून मले भेव नाई." तिन्ही वेळा मी पावसापाण्याची चौकशी करून ठेवून दिला.

मग अभ्यासाला बसलो. पहिल्याच धड्यात सुनी म्हणाली, 'ज्याची किंमत सतत बदलते, त्याला चल म्हणतात.' मला टोमॅटो आठवले. पुढचं काही ऐकूच आलं नाही!

"काऊन हो, जेवन काऊन नाई जाऊन राह्यलं?" माझी बायको शोभा म्हणाली. "डॉक्टरकडं जाता का?"

"डॉक्टरच येऊन राह्यली गुरुवारी! कमिटी घेऊन. मोबाईलातलं सारं इचारतीन."

हे ऐकून शोभाचाही चेहरा उतरला. मला वाटलं, नवऱ्याची काळजी.

गुरुवारी गाडी आली. सुनी, दोन साहेब आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई. चहा झाला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "दादा, समजा दहा आकडे आहेत, पण एका वेळी एकच दिसतो. त्यातला सर्वात मोठा संगणक कसा शोधेल? तुमच्या शब्दांत सांगा."

माझ्याजवळ तेव्हा शब्दच नव्हते.

"आधी च्या घेऊ," मी म्हणालो.

"झाला ना घेऊन," सुनी दातांतल्या दातांत म्हणाली.

"म्हणजे... जो मोठा असतो, तो... मोठेपणामुळे आपोआप लक्षात येतो."

एका साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं. सुनी पांढरीफटक पडली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्यामागून आवाज आला, "पह्यलं वांगं हातात घ्याचं!"

"शोभे, भरताचं मंग पाहू!" मी खेकसलो.

"भरताचं नाई हो! पह्यलं वांगं हातात घ्याचं. टोपल्यातलं दुसरं त्याहून मोठं निंघालं, तं हातातलं ठेवाचं अन् ते घ्याचं. असं टोपलं सरेपर्यंत. शेवटी हातात राह्यते ते सर्वात मोठं!"

बाईंनी चष्मा काढला. "आतल्या ताईंना बाहेर बोलवा."

शोभा आली. हात कणकेने भरलेले.

"हे कुठे शिकलात तुम्ही?"

"हे मोबाईल लावून शेतात जात. मंधात प्रश्न ये, अन् उत्तर देल्याबिगर गाडी पुढं सरके नाई. मले तं पुढं काय होते ते पाहाचं राहे. म्हनून देत गेली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "न इचारता मोबाईलले हात लावला. तुमी रागवसान म्हनून बोलली नाई."

रागावतो कसला! मी तिच्या पाया पडण्याच्या बेतात होतो. पण बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे व्हिडिओ लावून निघून जाणारे..."

"मीच तो," मी म्हणालो.

सुनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने शोभाचे कणकेचे हात धरले आणि एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पुढचा तासभर कमिटी शोभाला प्रश्न विचारत होती. एका साहेबाला तर तिने "तुमचा प्रश्नच चुकला" म्हणून सांगितलं. आणि तो चुकलाच होता! कोर्स वाचला. प्रमाणपत्र शोभाच्या नावाने झालं. आता ती गावातल्या बायांना शिकवते.

गाडीत बसताना सुनीने विचारलं, "दादा, खोटं काऊन बोलला?"

"तू लय खुश होती."

तिने दार लावून काच खाली केली. मग म्हणाली, "तुह्या डोकश्याचा मले उपयोग होईन."

झाला! आता तिच्या प्रत्येक धड्यात दर पाच मिनिटांनी पडदा थांबतो आणि विचारतो, 'समोर तुम्हीच आहात ना?' गावोगावची पोरं त्यावर वैतागतात. ऑनलाइन शिक्षणाला आमच्या घराण्याची ही दुसरी मोठी देणगी, आणि ती माझी! लाजेखातर मीही पुन्हा नाव टाकलंय. परवा तो प्रश्न आला, तेव्हा मी खरोखर मोबाईलसमोरच होतो. 'हो' मात्र शोभाला दाबावं लागलं. मी घोरत होतो.