सखाराम विचारायचा तो प्रश्न

सखाराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोकरदनच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघत होतो. त्यालाच भेटायला दवाखान्यात निघालो होतो. त्याच्या बायकोनं, गयावहिनींनी, एवढंच सांगितलं, "भाऊजी, आता नका येऊ जालन्याला. आम्हीच निघालो त्यांना घेऊन हसनाबादला." गाडी आली, भरली, निघूनही गेली... मी मोसंब्यांची पिशवी मांडीवर धरून तसाच बसून राहिलो.

आम्ही दोघं हसनाबादचे, एका वर्गातले. मी मास्तर झालो, तो जनावरांच्या दवाखान्यात लागला. गोऱ्हे खच्ची करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चिमटा लावून काम फत्ते केलं की मालकाला म्हणायचा, "घ्या, आता शिंगं उगारणार न्हाई." त्याचे किस्से सांगून पारावर लोकांना हसवून लोळवायचा. असा तोंडाळ माणूस, पण स्वतःच्या लघवीच्या त्रासाबद्दल दोन वर्षं चकार शब्द काढला नाही. गावाला जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नसे. विचारलं तर म्हणे, "उपास हाय." आठवड्याला तीन-तीन उपास! आम्ही मूर्ख, म्हणायचो, सख्या भक्तीला लागला. कंबर धरली तेव्हा मात्र वहिनींनी त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर होतो.

रक्त तपासलं, सुईनं तुकडा काढून तपासला, हाडांचं स्कॅन झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर, कमरेच्या हाडापर्यंत पोचलेला. डॉक्टर भला माणूस. मूत्राशयाखालच्या त्या ग्रंथीचं चित्र काढून त्यानं समजावलं, की पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर हा आजार पोसतो. ते बंद केलं की दबतो. मुळासकट जाणार नाही, पण काही वर्षं दबून राहू शकतो. त्यासाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एक छोटं ऑपरेशन. कसलं ऑपरेशन, हे सखारामला सांगावं लागलं नाही. "म्हंजी मला खच्ची करून राह्यले तुम्ही," एवढं बोलून तो उठला आणि सरळ बाहेर गेला.

पंधरा दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. मी समजवायला गेलो तर माझ्यावरच उखडला. "मास्तर, तुला काय जातं बोलायला? जन्मभर मी हेच केलं. त्या गोऱ्ह्यांचे डोळे पाह्यलेत मी." तेवढ्यात भाकरी थापता थापता, मागं न वळता वहिनी म्हणाल्या, "मंग? बैलाचं काय वाईट झालं? या घरातली पेरणी चाळीस वर्षं बैलांनीच केली ना? मला बैल चालंल. भिंतीवर फोटो न्हाई चालणार." पुढच्या सोमवारी सखारामनं इंजेक्शन घेतलं.

चार वर्षं मिळाली त्याला. अंगातून मधूनच वाफा निघायच्या, भर थंडीत सदरा काढून बसायचा, चार पावलांत थकायचा. पण कंबर थांबली आणि जीभ सुटली. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, पन्नाशी उलटलेला कुणीही दिसला की ह्याचा प्रश्न ठरलेला, "लघवी बराबर होती का?" लोक लाजून पळायचे. "पळा, पळा! मी बी असाच पळत होतो," हा मागून ओरडायचा. धावडा गावचा एक पाहुणा रागानं पंगतीतून उठला, आणि दोन दिवसांनी गुपचूप तपासणी करून आला. शेवटी शेवटी इंजेक्शन लागू पडेना, मग गोळ्या बदलल्या, मग त्याही पुरेनात...

शेवटच्या भेटीत त्यानं खाटेवरून मलाही विचारलं, "मास्तर, तुझी बराबर होती का?"

"एकदम बराबर," मी म्हणालो.

खोटं बोललो. वर्षभर मीसुद्धा गाडीत बसायच्या आधी पाणी टाळत होतो. त्या दिवशी स्टँडवरही घसा कोरडाच होता. ज्या माणसानं स्वतःची लाज सोडून गाव शहाणं केलं, त्याच्याशी मी मास्तर असून खोटं बोललो. याची फार शरम वाटते.

तेराव्यानंतर जालन्याला जाऊन रक्त तपासायला देऊन आलो. डॉक्टर म्हणाले, या वयात बहुतेकांची ती ग्रंथी नुसतीच वाढलेली असते, पण तपासल्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट अजून यायचाय.

काल हसनाबादला गेलो. पारावर सखाराम बसायचा ती जागा अजून कुणी घेत नाही. मी तिथं जाऊन बसलो. आजूबाजूला आमच्याच वयाचे चौघं होते. मग मीच म्हणालो, "माझी बराबर होत नाही."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पलीकडून एक जण, खाली बघत, हळूच म्हणाला, "माझी बी न्हाई."