दुपट्ट्याखालची मोटार

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच मोटार घेतली. न मागता, न परवडता, आणि माझ्या हातून.

वडील बैलबाजारातले दलाल. सिंदीला आणि आसपासच्या बाजारांत ते गवळाऊ बैलांचे सौदे जुळवायचे. हे सौदे तोंडाने होत नसत. विकणारा आणि दलाल एका दुपट्ट्याखाली हात घालत आणि बोटांनी बोलत. जितकी बोटं धरली तितका आकडा. तळहातावर नखाने रेघ ओढली की वर अर्धा. हात झटकला की नामंजूर, मूठ आवळली की पक्का. भोवती शंभर माणसं असोत, भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. दुपट्ट्याखाली आवळलेली मूठ वडिलांनी कधी फिरवली नव्हती. आमच्या घरचं सगळं भांडवल ते एवढंच.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मालगुजाऱ्या, म्हणजे गावांच्या जमीनदाऱ्या, नुकत्याच गेल्या होत्या. वर्ध्याच्या वाटेवरच्या एका गावात एक म्हातारे मालगुजार होते; त्यांची जमीन गेली, माणसं पांगली, मोटार तेवढी उरली. पण काय मोटार! काळीभोर, आगगाडीच्या डब्यासारखी लांब. ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये काचेची भिंत, खिडक्यांना रेशमी पडदे, आणि दाराशी चक्क चांदीची फुलदाणी. वर्ध्याचे एक जिनिंगवाले शेठजी ती घ्यायला तयार झाले. म्हाताऱ्यांनी वडिलांना निरोप धाडला: माझे बैल ज्यानं विकले तोच मोटार विकेल, आणि दुपट्ट्याखालीच विकेल. सारं गाव बघायला येणार. केवढ्याला गेली ते गावाला कळायला नको.

नेमकं त्याच आठवड्यात वडिलांना नखुरडं झालं. उजव्या हाताचं बोट सुजून वांग्यासारखं दिसायला लागलं.

"हात तुहा, डोकं माहं," ते मला म्हणाले. "शेठनं सांगितलं त्याच्या वर जायचं नाई. म्हातारा वर गेला तं झटकून टाकजो."

मी तेवीस वर्षांचा, मिशीला नुकतं तेल लागलेलं. छाती फुगवून हो म्हटलं. एक बारीकशी गोष्ट मात्र सांगायची राहिली. सांगण्यासारखी ती वाटलीच नाही. माझ्या तळहाताला कुणी नख लावलं की मी संपतो. मला मरणाच्या गुदगुल्या होतात.

आम्ही पोचलो तर गाव जत्रेसारखं जमलेलं. मोटार लिंबाखाली उभी, आणि माणसं तिला बैलासारखी निरखत होती.

"दात तं पाहू द्या, मालक! उमर समजन!"

"अबे, मांगून नको जाऊ, लाथ मारन!"

वडिलांनीसुद्धा सवयीने तिच्या पाठीवर डावा हात फिरवला. शेठजी खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. म्हातारे मालगुजार मात्र हसले नाहीत. फेटा बांधून, लग्नाला निघाल्यासारखे ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वडिलांनी आमच्या हातांवर दुपट्टा टाकला.

आत अंधार. म्हाताऱ्यांचा हात थंड होता. त्यांनी माझी बोटं धरली. आकडा ऐकून (ऐकून कसला, सोसून!) मला घाम फुटला. शेठजींच्या मर्यादेच्या कितीतरी वर. पण घाबरायचं कारण नव्हतं. विकणाऱ्याचा पहिला आकडा घ्यायचा नसतोच. तो नुसता रामराम असतो. आपण झटकायचं, मग खरं बोलणं सुरू होतं. मी हात झटकणार, तोच म्हाताऱ्यांनी माझ्या तळहातावर नखाची रेघ ओढली.

वर अर्धा!

डोक्याच्या शेंडीपासून पायापर्यंत शिरशिरी गेली. हसू आवरायला मी दात आवळले, ओठ आवळले, आणि त्याबरोबर मूठही आवळली.

म्हातारे माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"बाप्पा! याले म्हनतात कदर," ते गावाकडे वळून म्हणाले. "आजकाल कोनाले आहे अशी कदर?" आणि त्यांनी वडिलांना मिठी मारली.

मिठीतूनच वडिलांनी माझं तोंड पाहिलं. मोटारीच्या आडोशाला नेऊन त्यांनी विचारलं, "किती?" मी बोटं दाखवली. त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी शेठजींच्या कानात आकडा सांगितला. शेठजींनी सुपारीचा अडकित्ता मिटला. "इतने में तो नई गाड़ी आती है, दलालजी. तुमच्या पोरानं घेतली, तुम्हीच ठेवा."

"बाबा, मी सांगतो त्यायले. चूक झाली म्हनून सांगतो."

"मूठ कोनाची व्हती?"

"माही."

"दुपट्टा कोनाचा?"

"तुमचा."

"मंग झालं." आणि पलीकडे म्हातारे लोकांना पेढे वाटत होते. त्यांना जाऊन काय सांगणार?

आमची बैलजोडी गेली, रेल्वेलाइनकडचा वावराचा तुकडा गेला, आणि मोटार आमच्या अंगणात आली. ती घेऊन आलेला म्हाताऱ्यांचा ड्रायव्हर किल्ली देऊन दुपारच्या गाडीने निघून गेला. चालवता कुणालाच येत नव्हती. आईने दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं आणि वडिलांना विचारलं, "हिले चारा काय टाकू जी?" आठ दिवसांत कोंबड्यांनी रेशमी पडद्यामागे अंडी घातली. बाकी त्या मोटारीने काही केलं नाही.

केलं ते बाजाराने. दलालाच्या दारी मोटार! म्हणजे आपल्याच बैलांतून निघाली की! पुढच्या बाजारी वडील खांद्यावर दुपट्टा टाकून सकाळपासून बसले. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. तिसऱ्या बाजारी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येणारा एक शेतकरी आपली जोडी घेऊन समोरून गेला.

"रामराम, मोटारवाले!"

"रामराम," वडील म्हणाले. पुढे काही नाही. दुपट्ट्याखालचं बाहेर सांगायचं नसतं. आणि सांगायचं तर पोराला पुढे करावं लागलं असतं.

माझ्याने ते बघवेना. शेजारी एक रिकामी बैलबंडी उभी होती. मी तिच्यावर चढलो आणि ओरडलो, "ऐका हो! ती मोटार बाबानं नाई, म्या घेतली!"

आणि सांगितलं सगळं. आकडा सोडून सगळं. नखुरडं सांगितलं, म्हाताऱ्यांचा फेटा सांगितला, तळहातावरची रेघ सांगितली. मूठ कशी आवळली ते दोन्ही हात वर करून दाखवलं. आधी दोघं-चौघं हसले, मग सगळा बाजार. एक जण हसता हसता आपल्या बैलाच्या गळ्यात पडला.

हशा ओसरला तेव्हा तो रामराम घालणारा शेतकरी वडिलांपुढे उभा होता.

"काऊन नाई सांगितलं, भाऊ?"

शेतकऱ्याने हात पुढे केला. वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला आणि मान खाली घातली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांचे कान लाल झालेले मला वरून दिसत होते.

"अजून एक डाव सांग ना, भाऊ!" खालून कुणीतरी ओरडलं. "त्या बाजूच्यायले आयकू नाई आलं!"

उतरावं की सांगावं, मला कळेना. वडिलांच्या मागे आणखी एक शेतकरी येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी एक. मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.