मैनेनं गाळलेली तीन वाक्यं

आमच्या घरात मंगळवारी दुपारी तीन ते पाच कुकर लावायचा नाही, पंखा लावायचा नाही आणि शिंक आली तर गॅलरीत जायचं. नियम माझ्या नणंदेचा. मी मोठी भावजय असूनही तो निमूट पाळत आले, यावरून तिचा दरारा समजावा. घरात तिला सगळे मैना म्हणतात, कारण लहानपणापासून दुसऱ्याचं बोलणं ती त्याच्याच सुरात परत म्हणून दाखवते. पुढे तिनं त्याचाच पेशा केला आणि दुभाषी झाली.

कोठीच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया ठोकून तिनं ऑफिस केलं होतं. तिथून ती एकतीस देशांतल्या पर्यावरण संघटनांच्या सभेला बसायची. हे लोक नेमकं करतात काय, हे मला उमगत नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता तिनं समजावलं.

"वहिनी, कोळशाची वीज एका देशात, तिला कर्ज देणारी बँक दुसऱ्या देशात, आणि समुद्र चढतो तिसऱ्याच्या घरात. मग एकट्यानं ओरडून काय होणार?"

म्हणून बँकेच्या देशातली माणसं बँकेच्या दारात उभी राहत, वीजकेंद्राच्या गावची माणसं कागदपत्रं पुरवत, आणि किनाऱ्यावरची माणसं आपल्यावर काय गुजरतंय ते सांगत. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. इथं नाक एका खंडात आणि तोंड दुसऱ्यात, एवढंच. दोन बँकांनी खरंच हात आखडता घेतला, तेव्हा मैनेनं आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं.

किनाऱ्यावरची एक बाई तिच्या वाट्याला आली होती. जाळी विणणारी. घरात आम्ही तिला जाळीवालीच म्हणायचो. तिची भाषा त्या सभेत फक्त मैनेला यायची. माझे सासरे बंदराच्या कामावर तिकडे आठ वर्षं होते. त्यात माझ्या नवऱ्याला चार शिव्या आल्या आणि मैनेला अख्खी भाषा. दुभाष्यांची एक रीत असते. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाषीनंही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे सहा वर्षं रजयांच्या आडून आवाज यायचा, "मी सकाळी जाळं घेऊन निघाले, तर दाराची पायरीच नव्हती." मला सुरुवातीला हसू यायचं, कारण आमची पायरी तर जागेवर होती. सभा संपली की दोघी दोन मिनिटं खिदळत बोलायच्या. जाळीवाली तिला 'माझी जीभ' म्हणायची. दोघींची भेट कधी झाली नाही.

एका मंगळवारी सगळ्या संघटनांचं संयुक्त निवेदन ठरायचं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. अडीच झाली की सभा चालवणाऱ्या बाई पिवळं कार्ड दाखवत. जाळीवालीच्या वेळी कार्ड वर गेलं, तेव्हा मैनेकडे तिची चार वाक्यं शिल्लक होती. दुभाषीला काटछाट करावीच लागते, त्यातच तिचं कसब. मैनेनं तीन गाळली आणि चौथं सांगितलं: "आम्ही अजून इथंच आहोत." माणसं आपापल्या देशात खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात जाळीवालीचं नेट गेलं. तिकडचा टॉवर पाण्यात गेला होता, तो परत उभा राहिलाच नाही.

एकोणीस दिवसांनी वादळ आलं. त्यात जाळीवाली गेली, आणि तिच्या आळीतली आणखी दोन माणसं.

मग ते वाक्य मोठं झालं. बावीस भाषांत फलकांवर चढलं, आमच्या चौकातल्या बसथांब्यावरही लागलं. मैना तिथं उभी राहीना. पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ लागली. सभेच्या सुरुवातीला हजेरी व्हायची. गावांची नावं वाचायची, ज्यानं त्यानं "आहोत" म्हणायचं. जाळीवालीच्या गावाचं नाव त्यांनी तिच्या मानासाठी तसंच ठेवलं होतं, आणि ते वाचलं की थोडा वेळ सगळे गप्प राहत. मैना तेव्हा कानावरचा हेडफोन दाबून पुढे वाकायची.

"तिथं कुणीतरी श्वास घेतं, वहिनी," ती एकदा म्हणाली.

"एकतीस देशांत कुणीतरी घेणारच की," मी म्हटलं. ती हसली नाही.

पुढे पुढे हाक मारली की ती तिकडच्या भाषेत ओ द्यायला लागली. जेवताना 'मी' म्हणायची आणि थांबायची, पुढचं कुणीतरी सांगेल म्हणून. मला भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली की मी चिडते. एका दुपारी चादरींच्या घड्या करताना मी तिला फैलावर घेतलं.

"अशी मूग गिळून का बसलीयेस? काय झालंय ते सांगशील का एकदा?"

चादरीची दोन टोकं तिच्या हातात होती. ती न सोडता तिनं ती तीन वाक्यं मला सांगितली. मला भीती वाटते. फलक धरून उभं राहायचं त्राण आता आमच्यात नाही. पुढच्या मोठ्या भरतीआधी आम्हाला इथून हलवायला कुणी बोटी पाठवाल का?

"वेळ संपला होता म्हणून गाळलीस ना?" मी विचारलं.

"बोटींचं वाक्य बसलं असतं गं. पण सगळे इतके ताठ बोलत होते. मला वाटलं, माझी बाई त्यांच्यात रडकी दिसू नये."

"मग आता सांगून टाक."

"तिसरी बँक आत्ता कुठं नरमलीय. मी तोंड उघडलं तर बँका म्हणतील, यांचं सगळंच रचलेलं. एकतीस देशांची मेहनत पाण्यात जाईल."

आम्ही उरलेल्या चादरींच्या घड्या केल्या.

वर्ष झालं तेव्हा जाळीवालीच्या आठवणीची सभा ठरली. तिची मुलगी आता मामाच्या गावी होती, ती तिथून बोलणार होती, मैनेनं ते सांगायचं होतं, आणि शेवटी ते प्रसिद्ध वाक्य मैनेनं त्याच आवाजात पुन्हा म्हणायचं होतं. त्या दुपारी मैना म्हणाली, "वहिनी, आज तू आत बस." मी तिच्यामागे स्टुलावर बसले. पंखा बंद, पाठीवरून घामाच्या धारा.

हजेरीत त्या गावाचं नाव आलं आणि या वेळी एक कोवळा आवाज म्हणाला, "आहोत." मैनेनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

मुलगी बोलायला लागली आणि मैना तिच्यामागोमाग. "मी त्या दिवशी आईच्या शेजारीच बसले होते. आईनं बोटी मागितल्या. नंतर मामा न्यायला आला, तर आई गेली नाही. म्हणाली, मी सांगितलंय, ते पाठवतील; आपण निघून गेलो आणि बोटी आल्या तर त्यांनी कुणाला न्यायचं?" पिवळं कार्ड वर आलं. मग लाल आलं. मैना थांबली नाही. "मला एवढंच विचारायचंय. बोटी का आल्या नाहीत?"

सभेच्या बाई सांत्वनाचं काही बोलायला लागल्या, तशी मैनेनं त्यांना अडवलं. दुभाषीला स्वतःचं बोलायचं असेल तर आधी तसं जाहीर करावं लागतं. इतक्या वर्षांत तिनं ते कधी केलं नव्हतं.

"हे दुभाषी बोलतेय," ती म्हणाली. "बोटींचं वाक्य तुमच्यापर्यंत आलंच नाही. ते मी गाळलं. त्या घाबरल्या होत्या, आणि मी तुम्हाला ते कळू दिलं नाही."

मुलगी नुसती बघत होती. तिला यातलं अक्षर कळलं नव्हतं, आणि तिच्या भाषेत ते सांगू शकेल असं त्या सभेत एकच माणूस होतं. मैनेनं ग्लासातलं पाणी संपवलं आणि तिकडच्या भाषेत पहिल्यापासून सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण ती कुठवर आली आहे ते कळत होतं.

मुलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच वाक्य बोलली आणि पडद्यावरच्या चौकटीतून उठून गेली. मैनेनं ते सवयीप्रमाणे एकतीस देशांना सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"आम्ही सामान बांधून बसलो होतो."