दोन हजार पाचशे विसावा

“सर, आमचं एक पोर आडवं झालं!” मेढ्याच्या शाळेचे शिंदे मास्तर धापा टाकत आले, तेव्हा कवायत सुरू व्हायला अर्धा तासही उरला नव्हता. पोराला ऊन लागलं होतं. तंबूत त्याला कांदा हुंगवत होते. ते शुद्धीवर होतं. माझी मात्र पाचावर धारण बसली.

साताऱ्यातली ती कवायत मी बसवली होती. संस्थेच्या सगळ्या शाळांची मिळून पोरं दोन हजार पाचशे वीस. आकडा माझाच. मी गणित आणि पी.टी. दोन्ही शिकवायचो, त्यातलीच ही खाज. २५२० हा एक ते दहा या आकड्यांचा लसावि, म्हणजे या सगळ्यांनी पूर्ण भाग जाणारा सर्वांत लहान आकडा. आधी दोन-दोनच्या रांगा, शिट्टी वाजली की तीन-तीनच्या, मग चार, असं थेट दहापर्यंत. कुठेच बाकी उरत नाही.

आता झाले २५१९. कशानेही भागा, शेवटच्या रांगेत एक जागा रिकामीच. आणि ही शेपटी दर वेळी नेमकी पाहुण्यांसमोर थांबणार होती. राखीव पोरं सकाळीच वापरून संपली होती.

तेवढ्यात संस्थेचे सेक्रेटरी आबासाहेब आले. त्यांनी आधीच बजावलं होतं, घोळ झाला तर जतला बदली. घरी बायकोला आठवा महिना. तिला जतच्या एस.टी.त बसवायच्या विचारानेच मला घाम फुटला. तरी एक पोर कमी पडल्याचं त्यांना सांगितलं.

“आवं, मग आणखी चार पोरं काढा की! हाय काय अन् न्हाई काय!”

“नाही जमत, साहेब. २५२०च्या खाली सगळ्या रांगांना चालणारा दुसरा आकडाच नाही. एकदम शून्य.”

“म्हंजी?”

“एक काढलं की सगळी घरी पाठवावी लागतील.”

“मास्तर, डोकं फिरलंय का तुमचं?”

फिरलंच होतं. प्रेक्षकांतलं पोर घ्यावं, तर त्याला रांगा बदलायच्या कशा ते ठाऊक नाही. ते ठाऊक असलेला रिकामा माणूस मैदानावर एकच होता. मी गळ्यातली शिट्टी काढून आबासाहेबांच्या हातात दिली. “मी मान हलवली की वाजवा.”

हाफ पँट अंगावर होतीच. पोट आत ओढून मी शेवटच्या रांगेत उभा राहिलो. तीन झाले, चार झाले. सातला आबासाहेब शिट्टी तोंडात धरून नुसतेच बघत राहिले. मी मान हलवून हलवून थकलो. “फुंका हो, फुंका!” मी पुटपुटलो. शेजारचं पोर फिसकन हसलं. शेवटी एकदाची वाजली. दहाची रांग पूर्ण भरली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पाहुणे निवृत्त कर्नल होते. जाताना आबासाहेबांना म्हणाले, “कवायत फर्स्ट क्लास. पण ते शेवटचं पोरगं कितवीत आहे हो?”

“नववीत,” आबासाहेब म्हणाले. “लय वर्सं झाली.”

जत टळलं. पुढच्या वर्षी मी फक्त दोनच्या आणि चारच्या रांगा ठेवल्या. सगळ्यांनी भाग जाणारा आकडा फळ्यावर छान दिसतो. मैदानावर ऊन असतं.