खिळ्यावरचा बॅज

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी आई लाडवांचा डबा कोंबत होती आणि बाबा ड्युटीच्या शर्टातच माझ्या बॅगेला दोरी बांधत होते. मला टॅक्सीत बसवून ते थेट हॉस्पिटलात जाणार होते. घाटकोपरच्या आमच्या घरात दाराजवळ एक खिळा आहे. त्यावर किल्ल्यांशेजारी त्यांचा बॅज लटकत होता, एक्स-रे काढणाऱ्याने अंगावर पडणारे किरण मोजायला छातीवर लावायचा. लहानपणापासून मी तो तिथेच पाहिलेला, म्हणून कधी काही वाटलं नाही.

इथे मी असल्याच बॅजसाठी स्फटिक बनवते. मिठासारखी पांढरी पूड, त्यात दुसऱ्या धातूची चिमूट, मग भट्टी. किरणोत्सर्ग पडला की हे स्फटिक तो धरून ठेवतात आणि तापवले की उजेड देतात. जितका उजेड, तितका डोस. एकदा लॅबमध्ये नव्या मुलांना शिकवताना मी म्हणाले, बॅज छातीवरच हवा, खिळ्यावर टांगलात तर खिळ्याचा डोस कळेल. मुलं हसली. खिळा माझ्या तोंडी कुठून आला, ते उमगलं: मी निघाले त्या सकाळी बाबा थेट ड्युटीवर जाणार होते आणि बॅज घरीच होता.

घरी फोन लावला. "रीडिंग जास्त आला तर मशीनवरून काढतत गो," बाबा शांतपणे म्हणाले. "मग रडणारी पोरां धरून फोटो कोण काढतलो? माका काय होणा नाय."

मी ओरडले, रडले, शेवटी आईची शपथ घातली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी बॅज लावला. तीन महिन्यांनी रीडिंग मर्यादेबाहेर आलं आणि त्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. पंधरा दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. "माझी मशीन घालवलीन तिने," असं आईला सांगत राहिले. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही झाला.

आता बोलतात. व्हिडिओ कॉलवर मी आधी खिळा बघते, मग त्यांना. तिथे हल्ली भाजीची पिशवी असते. त्यांच्या तब्येतीचे रिपोर्ट आजवर तरी चांगले आलेत. पण घराची आठवण आली की मला आठवतात ती बाबांची तीस वर्षं, जी कुठल्याच स्फटिकात उमटली नाहीत.