जमिनीवरून दिसणारं घर

काकू आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीवर बसल्याच नाहीत. पदर खोचला, हात टेकले आणि सरळ जमिनीवर बसून मान वाकवून दिवाणाखाली डोकावल्या.

"अहो काकू, सोफ्यावर बसा ना."

"तुमचा सोफा जिन्यातूनही दिसतो. तुमच्या पिल्लाला काय दिसतं ते बघतेय."

पिल्लू म्हणजे आमचा कुत्रा, गुंड्या. धायरीच्या आमच्या सोसायटीबाहेर सापडलेला, जेमतेम दोन ओंजळींएवढा. काकू वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण वर्गावरचा आवाज मात्र अजून नोकरीत होता. दिवाणाखालून त्यांनी एक पिन, रिमोटचा सेल आणि औषधाची रिकामी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. "छान. दवाखाना घरातच उघडलाय."

मग त्या येता-जाता डोकावू लागल्या. चार्जरची वायर कपाटामागून घ्या, मोजे दोरीवरच बरे, कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं. गुंड्याचे दात शिवशिवायचे म्हणून ओला रुमाल पिळून, फ्रीजरमध्ये गार करून द्यायला त्यांनीच शिकवलं. "नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. 'हे घे' पण म्हणावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या यांना ते इतकं पाठ झालं होतं, की काकूंची चाहूल लागताच ते स्वतःच आधी म्हणायचे.

एका दुपारी मी साडीला फॉल लावत बसले होते. दारावरची बेल वाजली म्हणून उठले. परत येते तो गुंड्याच्या तोंडातून दोरा लोंबतोय. दोऱ्याला सुई होती. मी किंचाळले. हे आतून धावत आले, तसा गुंड्या दिवाणाखाली पार भिंतीपाशी गेला. आम्ही दोघं हात घालून त्याला ओढू लागलो. तो गुरगुरत जबडा आवळू लागला.

दार उघडंच होतं. माझा आवाज ऐकून काकू खाली आल्या होत्या.

"ओरडा अजून. म्हणजे घाईघाईनं गिळेल."

आम्ही हात बाहेर काढले.

"मागे व्हा दोघं. फ्रीजमध्ये पनीर आहे?"

त्यांनी पनीरचा तुकडा जमिनीवर ठेवला, दुसरा जरा अलीकडे, आणि गुंड्याकडे पाठ करून बसल्या. जणू त्यांचा याच्याशी काही संबंधच नाही. माझा जीव कानात गोळा झाला होता. सरपटल्याचा आवाज आला. मग चपचप. काकूंनी हळूच हात मागे नेला आणि पनीरसाठी त्यानं टाकलेली सुई उचलली. दोऱ्यासकट, अख्खी.

मी रडायलाच लागले. काकू मात्र उठल्या नाहीत. सुईभोवती दोरा गुंडाळत राहिल्या.

"आमच्याकडेही होता एक," त्या म्हणाल्या. "सिंहगडावरून येताना कणसं खाल्ली. दाणे संपल्यावर उरलेली बुरकुंडं मी पिशवीत तशीच ठेवली. त्यानं ती खाल्ली. उलट्या झाल्या तर मला वाटलं अपचन असेल, म्हणून दहीभात भरवत बसले. डॉक्टरांनी पोट उघडलं तोवर उशीर झाला होता."

"काय नाव होतं त्याचं?" यांनी विचारलं.

"नको. नाव घेतलं की येईलसं वाटतं."

दोन वर्षांनी मुलीनं त्यांना बंगळुरूला नेलं. गुडघे थकले होते, जिना झेपत नव्हता. निघायच्या दिवशी सामान खाली गेलं आणि काकू निरोप घ्यायला आमच्याकडे टेकल्या. आता ऐन तारुण्यात आलेला गुंड्या आला, त्यांच्या पावलांवर मान टाकून झोपला. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला. मुलीनं दोनदा हाका मारल्या.

मी गुंड्याला उठवायला वाकले, तर काकूंनी माझा हात धरला.

"वाजवू दे त्याला. हा आत्ताच झोपलाय."